तीनशे वर्षांचं गाढव आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात विषय दिला होता, की एखाद्या गावाची कित्येक शतकं एका प्राण्याच्या मागे मागे चालत सांगणारी ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर ती कशी लिहाल. पत्रं आणि मेल इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. हत्ती, घोडे, पोपट, देवळातली माकडं, सगळं आलं, एकाने तर ढेकूण सुचवलाय (कल्पना वाईट नाही, पण आपल्याकडे पानं मोजकी). त्यातले थोडे प्रश्न निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं दिलंय.

ताई, मी कसब्यात वाढलो. पुण्यावर लिहायचंय. सुरुवात गाढवाच्या नांगरापासून म्हणजे १६३०च्या आसपास, आणि शेवट १९६१च्या पानशेतच्या पुरात. नायक गाढवच. पण एक गाढव तीनशेतीस वर्षं जगवायचं कसं? शाप, वरदान, चिरंजीव वगैरे काही टाकू का? मित्र म्हणतात मॅजिक रिअ‍ॅलिझम चालतो आता. (पुणे)

चिरंजीव नका करू हो. एकदा का गाढव अमर झालं की त्याला मरणाची भीती नाही, उपासमारीची नाही, मग वाचकाने काळजी कशाची करायची. तुमच्या कादंबरीतली सगळी ताकद जाईल आणि राहील फक्त टूर गाइड.

गाढव नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं, रोज ओझं वाहणारं त्याच्या बरंच आधी संपतं. गाढवी साधारण वर्षभर गाभण असते, शिंगरू एकच होतं. म्हणजे १६३० ते १९६१ मध्ये तीसेक पिढ्या सहज होतील, त्यातल्या तुम्ही सात-आठ घ्या. आणि ओळ मादीची धरा असं मी म्हणेन, कारण नर विकले जातात, बाजारात जातात, आणि शिंगराला जन्म देणारी मात्र बऱ्याचदा त्याच दारात राहते. दार कुणाचं, तर कुंभाराचं. कसब्यात कुंभारवाडा आहे, कुंभारवेस आहे, नदी खाली आहे, माती आणायची ती गाढवावरून, विटा न्यायच्या त्या गाढवावरून. आणि आणखी एक, जे तुम्हाला कसब्यातले म्हणून ठाऊक असेलच, कुंभार मातीत लीद मळतात. म्हणजे तुमची नायिका फक्त मडकी वाहत नाही, ती त्या मडक्यात आहे. यावर पान खर्च करा.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे आलेल्या निम्म्या टिपणांत प्राणी म्हणजे साक्षीदार आहे, तो कोपऱ्यात उभा राहून शाहिस्तेखान बघतो, मग बाजीराव बघतो, मग टिळक बघतो. म्हणजे कुठेतरी उभं राहून मिरवणूक पाहणं झालं ते. कामाच्या जनावराला उभं राहायला वेळ कुठे असतो! तुम्ही प्रत्येक प्रकरण लिहायला बसताना एकच विचारा, आज हिच्या पाठीवर काय आहे? त्या गोणीतून शहराचा इतिहास आपोआप येईल, तुम्हाला वेगळा सांगावा लागणार नाही.

बघा कसं होतं ते. पहिलं प्रकरण, आदिलशाहीचा मुरार जगदेव, त्याच्या माणसांनी पुणं जाळलं, वस्ती उठवली, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली आणि तिच्यावर फाटकी वहाण आणि केरसुणी टांगली असं सांगतात. हे सगळे लिहितात. पण ती गाढवं कुणाची होती? फौजेबरोबर आलेली, का इथल्याच कुंभारवाड्यातून ओढून नेलेली? हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि हीच तुमची जागा. माझं मत विचाराल तर इथलीच दाखवा. ज्या मातीतून रोज गोण वाहायची तीच माती नांगरायला लावली. आणि पाठीवर ओझं घ्यायची सवय असलेल्या जनावराला मानेवर जू म्हणजे काय ते माहीत नसतं, तो नांगर सरळ गेलाच नसणार, तेव्हा तो सीन भयंकर आणि थोडा हास्यास्पद असा दोन्ही लिहिता येईल, शिपाई शिव्या देतायत, गाढव जागचं हलत नाहीये. त्याच सुमाराला १६३०-३२चा मोठा दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको त्यात गेली, देहू काही लांब नाही. माणसं गाव सोडून चाललीयत, पाठीवर काय? संसार.

मग काही वर्षांनी जिजाऊ आणि बालशिवाजी पुण्यात येतात, सोन्याचा नांगर फिरतो. तिथे बैल असतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या गाढवीला सुट्टी! इतका मोठा प्रसंग आणि नायिका गैरहजर, हे मला फार आवडेल वाचायला. तिचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं, वस्ती पुन्हा उभी करायची म्हणजे माती आणि वीट लागणारच ना.

१७३०, शनिवारवाडा. जानेवारीत पायाभरणी आणि १७३२च्या जानेवारीत वास्तुशांत, दोन वर्षांत काम. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा. हे सगळं लांबून बैलांवर, गाड्यांवर येणार, तिथे गाढवीला फारसा वाव नाही, पण तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, जाऊन बघा. ती वरची वीट तुमची.

१७६१ कसं लिहाल? पानिपत गाढवीला कळणार नाही. पण दहाव्याला, तेराव्याला मडकं लागतं. त्या वर्षी संक्रांत झाली, आणि पुढे बातम्या यायला लागल्या तसतशी कुंभाराकडची मागणी कशी वाढत गेली ते दाखवा, एक शब्द पानिपत न म्हणता. पेठेतल्या कुठल्या वाड्यापुढे किती मडकी उतरवली एवढंच. मला वाटतं हे तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण होऊ शकतं, फक्त आवरून लिहा, बांगड्या फुटल्या वगैरे दुसऱ्या कुणाला लिहू द्या.

मधला काळ पटकन घ्या. १८१७च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, १८२८ला वाडा आतून जळाला, जे काही वर होतं ते गेलं, तट राहिले. १८३०मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८५८ला रेल्वे खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आली. इथे एक मजा आहे. लांब पल्ल्याच्या ओझ्याच्या बैलांचा, तांड्यांचा धंदा गाडीरस्त्याने आणि रेल्वेने बसला. गाढवाचा नाही बसला. कारण गाढवाचा पल्ला छोटा, नदी ते भट्टी, भट्टी ते बोळ, आणि कसब्याच्या बोळात रेल्वे कशी शिरणार.

१८९७, प्लेग. रँडचे सोल्जर घरोघरी तपासणीला, सामान रस्त्यावर, माणसं शहराबाहेर झोपड्यांत, आणि घरं चुन्याने रंगवायचा हुकूम. चुना! १७३०ला वाडा उभा करायला जो चुना आला, तोच माल आता रोग मारायला. हे वाचकाला समजावून सांगू नका, नुसतं ओझं दाखवा, ज्याला लागायचं त्याला लागेल.

आणि पानशेत. १२ जुलै १९६१, आधी पानशेतचं धरण फुटलं मग खडकवासल्याचं, नदीकाठच्या पेठा पाण्यात, मातीच्या भिंतींचे वाडे बसले ते बसलेच. शहर बुडालं आणि नंतर नळाला पाणी नाही, कारण खडकवासलाच गेलं. तेव्हा पाठीवर काय, तर गाळ, आणि पडक्या वाड्यांच्या विटा. त्यातल्या काही विटा तिच्याच पणजीच्या पणजीने वाहिलेल्या असतील. असतील म्हणजे असतीलच असं नाही, पण कादंबरी आहे, घ्या.

एक टीप. पिढ्या ओळखू येण्यासाठी कपाळावर चांद वगैरे देऊ नका, सिनेमा होतो. गाढवाच्या पाठीच्या कण्यावरून जाणारा आणि खांद्यावर उतरणारा काळा पट्टा बहुतेकांना असतोच, त्यामुळे तोही खूण म्हणून कामाचा नाही. त्यापेक्षा माणसाने केलेली खूण द्या. नाकपुड्या चिरायची पद्धत आपल्याकडे होती, अजून काही ठिकाणी दिसते, श्वास जास्त घेता येतो अशी समजूत, खरं तर नुसता त्रास. एखाद्या पिढीतला मालक ते करायचं नाकारतो, आणि तिथून पुढे त्या घरातली गाढवं सगळ्या शहरात वेगळी दिसतात. हे मी फुकट देतेय.

प्रकाशकाला भेटलो तर म्हणाले गाढवावर कोण पैसे खर्च करणार, घोडा घ्या किंवा हत्ती घ्या, पेशवाई म्हटलं की हत्ती हवाच. काय करू? (सातारा)

हत्ती अंबारीत येतो आणि अंबारीबरोबर जातो. १८१८ नंतर तुमच्या हत्तीला गावात काय काम? घोडाही तसाच, लढाई संपली, शिलेदार घरी बसला की घोड्याचं प्रकरण संपलं, मग टांगा येईपर्यंत वाट बघा. सत्ता बदलली तरी ज्याचं काम बदलत नाही असं जनावर निवडलं तरच शतकं ओलांडता येतात. प्रकाशकांना हे सांगून बघा, नाही पटलं तर प्रकाशक बदला. हत्तीच हवा असेल तर शतकं नको, त्याचं एकच आयुष्य घ्या, तेही पुष्कळ मोठं असतं.

आमच्या गावच्या देवळाच्या बारवेत एक कासव आहे, लोक म्हणतात चारशे वर्षांचं आहे, शिवकाळ बघितलेलं. कासव घेतलं तर पिढ्यांची भानगड नाही, एकच नायक सगळीकडे. हे चालेल ना? (कोल्हापूर जिल्हा)

कादंबरीत चालेल, बाहेर मात्र असं म्हणू नका. आपल्या बारवा-तळ्यांतली कासवं दीर्घायुषी असतात हे खरं, पण चारशे हा आकडा गावाच्या अभिमानाचा आहे. बऱ्याचदा एक कासव जातं, दुसरं येतं किंवा कुणीतरी आणून सोडतं, आणि नाव तेच राहतं. खरं तर हेच लिहा! गाव समजतंय एकच कासव आहे, वाचकाला माहितीय की हे चौथं आहे, आणि पुजाऱ्याला पण माहितीय. मला तर तुमच्या नायकापेक्षा तो पुजारी जास्त आवडायला लागलाय.

पण खरोखर एकाच जनावराने शतक ओलांडलेलं हवं असेल तर दोन उदाहरणं बघून ठेवा. एक कोलकात्याचं, अलीपूरच्या प्राणीसंग्रहालयातलं अद्वैत नावाचं अल्डाब्रा जातीचं राक्षसी कासव, २००६च्या मार्चमध्ये गेलं. ते आधी बराकपूरला होतं आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या मालकीचं होतं असं सांगतात, म्हणजे वय अडीचशेच्या घरात. क्लाइव्हचा भाग दंतकथेकडे झुकतो, अलीपूरला ते १८७५-७६च्या सुमाराला आलं एवढं धरून चाला, तरी सव्वाशे वर्षांच्या वर होतात. त्यात बघा काय काय मावतं, कोलकाता राजधानी असतानाचं, १९११ला राजधानी दिल्लीला गेली, ४३चा दुष्काळ, फाळणी, नक्षलबारीचे दिवस, आणि हा सगळा वेळ हा प्राणी एका कुंपणात पाला खातोय. पुन्हा तेच, शहर कुंपणापर्यंत आलं पाहिजे, त्याला बाहेर जाता येत नाही. मग तिकीट काढून येणाऱ्या माणसांतून लिहा, कोण येतं, कुणाला येऊ देतात, कोण आता यायचं बंद झालं.

दुसरं सेंट हेलेना बेटावरचं, जोनाथन. सेशेल्सहून १८८२ला आणलं तेव्हाच पूर्ण वाढलेलं होतं, म्हणून जन्म १८३२च्या आसपास किंवा आधीचा धरतात, २०२२ला गिनीजवाल्यांनी आजवरचं सगळ्यात वयस्कर कासव म्हणून नोंद केली. गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात, प्लँटेशन हाउसला, त्याचा मुक्काम. गंमत म्हणजे लोकांना वाटतं याने नेपोलियन बघितला असेल, पण नेपोलियन तिथे १८२१लाच वारला, तेव्हा हा जन्मलेलाही नसावा, आणि बेटावर तर साठ वर्षांनी आला. त्याने काय अनुभवलं, तर झुलू राजा दिनुझुलूची हद्दपारी, १९०० नंतर जहाजं भरभरून आलेले बोअर युद्धकैदी, आणि मग एकविसाव्या शतकातला विमानतळ, तोवर बेटावर जायला बोटच. लेखकाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. म्हातारपणी त्याला मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, वासही येईनासा झाला, कान मात्र चांगले राहिले, खायला हाताने भरवावं लागलं. म्हणजे तुमच्या कासवाची शेवटची काही प्रकरणं फक्त आवाजांची करता येतील, गाव दिसायचं बंद झालंय, ऐकू येतंय. बारवेला पंप बसला हे त्याला आवाजाने कळेल.

प्राण्याने बोलायचं की नाही? पंचतंत्रात सगळे बोलतात. मी पहिल्या पुरुषात लिहितेय, गाढव स्वतः सांगतंय, पण ते फारच शहाणं व्हायला लागलंय. (नागपूर)

ते होणारच. पंचतंत्रातलं गाढव वाघाचं कातडं पांघरतं, गाणं म्हणतं, पण तिथे गोष्ट माणसाला शिकवण्यासाठी असते आणि दोन पानांत संपते. तीनशे पानं तसं नाही निभत. तुमच्या पाठवलेल्या उताऱ्यात गाढव 'सनातनी' आणि 'सुधारक' असे शब्द वापरतं, मी तिथेच थांबले.

तृतीय पुरुषात या, पण नजर तिच्या उंचीवर ठेवा. गाढवाला काय येतं त्याची यादी मनात करा. कान जबरदस्त. वाट पाठ असते, एकदा गेलेली वाट आणि एकदा पडलेली जागा ते विसरत नाही. घाबरलं की घोड्यासारखं उधळत नाही, जागच्या जागी गोठून उभं राहतं, आणि त्यालाच आपण हट्टी म्हणतो. पाण्याच्या बाबतीत चोखंदळ, घाण पाणी सहसा पीत नाही. केस असे असतात की पावसात अंग लगेच भिजतं, त्यामुळे पावसात आडोसा लागतो. कोरड्या प्रदेशातलं जनावर आहे मूळचं. आता हे सगळं गावावर लावा. पाणी कुठलं चांगलं, कुठलं नाही, हे तिला माणसांच्या आधी कळतं. पावसाळ्यात कुठल्या घराच्या पडवीखाली उभं राहू देतात आणि कुठून हाकलतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. पेशवा कोण, कलेक्टर कोण, साल कोणतं, काही नाही. साल तुम्ही प्रकरणाच्या डोक्यावर छापा आणि मोकळ्या व्हा.

जोडीदाराचंही लक्षात घ्या, दोन गाढवं बरोबर काम करत असली तर त्यांची फार घट्ट जोडी जमते, एक विकलं की दुसरं खाणं टाकतं. कुठलंही युद्ध न दाखवता इथे हवं तेवढं दुःख आहे.

इतक्या थोर इतिहासात गाढवाला नायक करणं हा अपमान नाही का? उद्या कुणी आक्षेप घेतला तर? (नाशिक)

एकनाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली ही गोष्ट आपण शाळेत वाचतो, तेव्हा कुणी आक्षेप घेत नाही. देवीची साथ यायची तेव्हा ज्या शीतळेला नवस बोलायचे तिचं वाहन गाढवच. त्यामुळे तेवढी काळजी नको.

खरी काळजी दुसरीकडे आहे आणि ती कुणी विचारलेली नाही. गाढवाबरोबर माणसं येतात. कुंभार, परीट, वडार, बेलदार, कैकाडी. कैकाड्यांसारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१पासून पसरत गेलेल्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ला गेला, शिक्का काही लगेच गेला नाही. गाढवावर उलटं बसवून धिंड काढायची शिक्षा तुम्ही पेशवाईच्या प्रकरणात घ्याल, सगळेच घेतात, रंगतदार आहे म्हणून. पण ते गाढव कोतवालीच्या शिपायाने कुणाच्या दारातून आणलं, त्या दिवसाची मजुरी बुडाली ती कुणाची, हे लिहा. आणि या घरांतली माणसं नुसती विनोदाला किंवा दयेला ठेवू नका. ज्याच्या हाताने अर्धं पुणं उभं राहिलं त्याला आपल्या कामाबद्दल मतं असणार, वीट कच्ची निघाली तर तो चिडणार, मुकादमाशी भांडणार. तेवढं केलंत तर आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर द्यायची वेळ येणार नाही.

गाढवांबद्दल जुने संदर्भ मिळतात कुठे? (ठाणे)

गाढव म्हणून शोधलंत तर फार नाही मिळणार, काम म्हणून शोधा. मुंबई इलाख्याचं पुणे गॅझेटियर, १८८५चं, तीन भागांत आहे, त्यात जनावरं, धंदे, रस्ते, पेठा सगळं बारकाईने दिलंय, कुठल्या जातीचे लोक काय काम करायचे तेही, फक्त लिहिणाऱ्या साहेबाची नजर लक्षात ठेवून वाचा, माणसांच्या स्वभावाबद्दल तो जे लिहितो ते सोडून द्या. सरदेसाईंनी काढलेले पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंड आहेत, तिथे बांधकामाचे हिशेब, जकाती, कोतवालीचे निवाडे चाळा. मोडी येत असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, नसेल येत तर शिका, बरेच क्लास निघालेत. कोकणातले असाल तर गधेगाळीचे दगड बघा, शिलाहार काळापासूनचे, जमिनीचं दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली. म्हणजे गाढव आपल्या कायद्याच्या कागदपत्रांत हजार वर्षांपासून आहे, फारशा मानाच्या जागी नाही एवढंच.

आणि कागद बास झाले की बाजाराला जा. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, रंगपंचमीच्या सुमारास नगरकडे मढीला, कानिफनाथांच्या यात्रेत. दात बघून वय कसं ठरवतात, किमती कशा बोलतात, वर्षाचे उधार-उसने व्यवहार, सोयरिकी तिथेच कशा ठरतात हे कुठल्याही दफ्तरात नाही. लवकर जा मात्र. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातली गाढवं तीन लाख वीस हजारांवरून एक लाख चोवीस हजारांवर आली असं पशुगणना सांगते, साठ टक्क्यांहून जास्त घट. बाजार दर वर्षी लहान होतोय.

माझ्या कादंबरीत मांजर आहे, वसईच्या किल्ल्यातलं, पोर्तुगीज काळापासून. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तिथपर्यंत छान जमलं, पुढे गाडी अडकली. (वसई)

कारण १७३९ नंतर तुमच्या मांजराने माणसांबरोबर जायचं का जागेबरोबर राहायचं हे तुम्ही ठरवलेलं नाही. मांजर जागेशी बांधलेलं असतं. पोर्तुगीज कुटुंबं गेली, चर्चमधली धान्याची कोठारं रिकामी झाली, म्हणजे उंदीर कमी. आता मांजराला पोट भरायला गढीबाहेर कोळीवाड्यात यावं लागेल, मासे तिथे आहेत. तिथे तुमची कादंबरी पुढे चालू होते, किल्ल्याच्या आत बसून नाही. आणि सध्याच्या मसुद्यात मांजर बाराव्या पानावर किल्लेदाराच्या मांडीवर बसतं आणि शेवटपर्यंत मोठ्या माणसांच्याच मांड्यांवर फिरतं, ते काढा.

पुन्हा मीच, कसब्यातला. शेवट पानशेतवर करू का आजपर्यंत आणू? घरचे म्हणतात आजपर्यंत आण, मेट्रो वगैरे. (पुणे)

मेट्रो नको. पण पुरावरही थांबू नका, पूर फारच मोठा आवाज आहे, त्याच्यावर पुस्तक संपवलं की सगळं आधीचं त्याची तयारी होती असं वाटतं. पुरानंतर दोन-चार वर्षं पुढे जा. पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहतायत, गोखलेनगर, सहकारनगर, बांधकाम जोरात, म्हणजे गाढवांना काम भरपूर असायला हवं, पण ही नवी वस्ती लांब आहे आणि रस्ते रुंद आहेत, तिथे ट्रक थेट जातो. म्हणजे शहर वाढतंय आणि तिचं काम मात्र जुन्या बोळांपुरतं उरतंय. कुंभाराचा मुलगा कारखान्यात चिकटतो, ते त्याच्या दृष्टीने चांगलंच आहे, त्याला व्हिलन करू नका. मग जेजुरीचा बाजार, दात बघितले जातात, सौदा होतो, गाढवी पुण्याबाहेरच्या कुठल्या तरी वीटभट्टीवर जाते. तिच्या पोटात शिंगरू आहे का नाही हे घेणाऱ्याने विचारायचं आणि विकणाऱ्याने भाव वाढवायला हो म्हणायचं, खरं काय ते तुम्ही सांगू नका.

पहिली वीस पानं पाठवा, टाइप करून, दोन ओळींत अंतर सोडून. नांगराचा सीन आणि मडक्यांचं प्रकरण आधी लिहा, बाकीचं नंतर जमतं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आलं तर दिवाळी अंकाच्या गडबडीआधी वाचून कळवते.